लिनक्स सर्वरच्या लॉग फाइली कशा सांभाळायच्या: नव्यानं काम हाती घेणाऱ्यांसाठी

खान्देशात आता लहान उद्योगांतही सर्वर आला आहे. रावेर-सावद्याकडची केळीची पेढी असो, जळगावातली डाळमिल असो की धुळ्याजवळचं जिनिंग, ऑफिसच्या कोपऱ्यात उबुंटू किंवा डेबियन हे लिनक्स टाकलेली एक पेटी चालू असते. वजनकाट्याच्या पावत्या, स्टॉक, बिलं सगळं तिच्यावर. ती सांभाळायचं काम बहुतेक वेळा ज्याला कॉम्प्युटर कळतो अशा एका तरुण मुलाकडे किंवा मुलीकडे येतं. लॉग म्हणजे काय, हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं. एक दिवस डिस्क भरते आणि सगळं ठप्प होतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

लॉग म्हणजे सर्वरचा रोजमेळ. कोण आलं, काय मागितलं, कुठे अडलं, सगळं वेळेसकट लिहिलेलं. रोजमेळ जाडजूड झाला म्हणून कुणी जाळत नाही. किती वर्षांचा ठेवायचा हे ठरवतात आणि जुना बांधून माळ्यावर टाकतात. लॉगचंही तसंच करायचं. माझा आग्रह एकच आहे: किती दिवसांचा लॉग ठेवायचा हे डिस्क भरण्याआधी ठरवा. भरल्यावर घाईत जे पुसलं जातं, त्यातच बिघाडाचं कारण असतं.

एक सूचना. कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

1. सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- सुडोचा, म्हणजे प्रशासकाच्या कमांड चालवण्याचा, अधिकार असलेलं स्वतःचं लॉगिन. सगळ्यांचं मिळून एकच लॉगिन असेल, तर कुणी काय केलं हे लॉगमधून कधीच कळणार नाही.
- लिनक्स कोणतं आणि कितवी आवृत्ती, याची नोंद. 'कॅट /ईटीसी/ओएस-रिलीज' केलं की दिसतं.
- सर्वरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमची यादी: एनजिनएक्स (वेब सर्वर), मायएसक्यूएल (डेटाबेस), डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या कप्प्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं), बिलिंगचं सॉफ्टवेअर. प्रत्येकासमोर त्याचा लॉग कुठे पडतो ते लिहा.
- जुने लॉग हलवायला दुसरी जागा: बाहेरची हार्ड डिस्क किंवा ऑफिसातलं दुसरं मशीन.
- एक साधी वही. सर्वर बंद असताना सर्वरवर साठवलेल्या टिपा उघडत नाहीत.

2. लॉग कुठे पडतात ते ओळखा

बहुतेक सगळं '/व्हार/लॉग' या फोल्डरमध्ये असतं. उबुंटूत सर्वसाधारण नोंदी 'सिसलॉग' या फाइलीत आणि लॉगिनच्या नोंदी 'ऑथ.लॉग'मध्ये. रेड हॅटच्या कुळातल्या लिनक्सवर, म्हणजे अल्मा किंवा रॉकीवर, हीच नावं 'मेसेजेस' आणि 'सिक्युअर' अशी होतात. फसलेल्या लॉगिनची वेगळी नोंद 'बीटीएमपी'मध्ये असते. ही फाइल साध्या एडिटरमध्ये वाचता येत नाही, 'सुडो लास्टबी' या कमांडनं वाचायची (डेबियन 13 मध्ये ही कमांड आपोआप येत नाही). सर्वर इंटरनेटवर उघडा असेल, तर कुणीतरी सतत पासवर्डचे अंदाज बांधत असतं आणि ही फाइल गुपचूप फुगत जाते.

याशिवाय सिस्टमडीचं स्वतःचं जर्नल असतं. सिस्टमडी म्हणजे सेवा, अर्थात मागे सतत चालणारे प्रोग्रॅम, सांभाळणारा भाग. ते वेगळ्या साच्यात साठतं आणि 'जर्नलसीटीएल'नं वाचायचं. डेबियन 12 पासून, म्हणजे 2023 पासून, आरसिसलॉग, म्हणजे या नोंदी साध्या फाइलींत लिहिणारा प्रोग्रॅम, आपोआप बसवला जात नाही. त्यामुळे नव्या डेबियनवर सिसलॉग फाइल सापडली नाही तर घाबरू नका, नोंदी जर्नलमध्ये आहेत.

डॉकर वापरत असाल तर त्याचे लॉग इथे नसतातच. ते '/व्हार/लिब/डॉकर/कंटेनर्स'च्या पोटात असतात आणि मुळात त्यांना आकाराची मर्यादा नसते. '/व्हार/लॉग' स्वच्छ आहे, तरी डिस्क भरली आहे, असं दिसलं की आधी तिकडे बघा. '/ईटीसी/डॉकर/डीमन.जेसन'मध्ये 'मॅक्स-साइझ' आणि 'मॅक्स-फाइल' लिहून मर्यादा घालता येते. मात्र ती नव्यानं तयार केलेल्या कंटेनरलाच लागू होते. जुने कंटेनर काढून पुन्हा उभे करावे लागतात.

3. जागा कुणी खाल्ली ते मोजा

पुसण्याआधी मोजा. 'डीएफ -एच' केलं की कोणती डिस्क किती भरली ते दिसतं. त्यानंतर 'डीएफ -आय' पण कराच. कधी जागा शिल्लक असते पण आयनोड (प्रत्येक फाइलीसाठी लागणारी डिस्कवरची नोंद) संपलेले असतात. लाखो बारक्या फाइली झाल्या की असं होतं, आणि तेव्हाही संदेश 'नो स्पेस लेफ्ट' असाच येतो.

मग 'सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=1 /व्हार/लॉग | सॉर्ट -एच'. सगळ्यात जड फोल्डर शेवटी दिसेल. जर्नलचा आकार 'जर्नलसीटीएल --डिस्क-युसेज'नं कळतो.

'एलएस'मध्ये 'लास्टलॉग' ही फाइल कधीकधी अवाढव्य दिसते. ती आतून पोकळ असते, डिस्कवर प्रत्यक्षात फारशी जागा घेत नाही. 'डीयू'चा आकडा खरा धरा आणि तिला हात लावू नका.

4. डिस्क भरूनच गेली असेल तर

कापसाचा हंगाम. गेटवर ट्रॅक्टरची रांग. काट्यावरून फोन येतो, "भाऊ, बिल निंघत नही शे." अशा वेळी हात आपोआप 'आरएम'कडे, म्हणजे फाइल पुसण्याच्या कमांडकडे, जातो. तेवढं करू नका.

कारण असं की चालू प्रोग्रॅमनं लॉग फाइल उघडून धरलेली असते. तुम्ही 'आरएम' केलंत तर फोल्डरमधलं नाव जातं, पण प्रोग्रॅम ती फाइल सोडत नाही तोवर जागा परत मिळत नाही. 'डीयू' म्हणतं जागा मोकळी, 'डीएफ' म्हणतं भरलेली. नवा माणूस इथे गोंधळतो आणि आणखी फाइली पुसत सुटतो. कुणी आधीच तसं केलं असेल, तर 'सुडो एलएसओएफ +एल1' चालवा, यातला एल मोठा. पुसलेल्या पण उघड्या फाइली आणि त्या धरून बसलेले प्रोग्रॅम दिसतील. ती सेवा रीस्टार्ट केली की जागा सुटते.

योग्य क्रम असा:

पहिलं, जड फाइलीचा शेवटचा भाग दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या. 'सुडो टेल -एन 20000' लावून निघालेलं बाहेरच्या हार्ड डिस्कवरच्या फाइलीत वळवा. बिघाडाचा पुरावा याच भागात असतो.

दुसरं, 'सुडो ट्रंकेट -एस 0' आणि पुढे फाइलीचं नाव. फाइल जागेवरच राहते, आतलं रिकामं होतं. सहसा प्रोग्रॅम लिहीत राहतो आणि जागा लगेच मिळते.

तिसरं, जर्नल आटोपशीर करा: 'सुडो जर्नलसीटीएल --रोटेट --व्हॅक्यूम-साइझ=500एम', एम मोठा. यातलं 'रोटेट' विसरू नका. व्हॅक्यूम फक्त बंद झालेल्या जर्नल फाइली काढतं, चालू फाइलीला ते शिवत नाही.

आणखी एक सापळा: भरलेल्या डिस्कवर 'जीझिप', म्हणजे फाइल दाबून लहान करणारी कमांड, चालवणं. जीझिप आधी नवी दाबलेली फाइल लिहितं आणि मग जुनी काढतं. लिहायलाच जागा नसेल तर ते अर्ध्यात थांबतं. दाबायचंच असेल तर 'जीझिप -सी' वापरून निकाल बाहेरच्या डिस्कवर लिहा.

5. फाइल का फुगली ते वाचा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. जागा झाली, बिल निघालं, रांग हलली की सगळे विसरतात. मग आठवड्याभरात पुन्हा तेच.

काढून ठेवलेला शेवटचा भाग 'लेस' या फाइल वाचायच्या कमांडनं उघडा. फुगलेल्या लॉगमध्ये एकच ओळ हजारो वेळा आलेली असते. ती ओळ शोधणं हेच काम. मला नेहमी दिसणारी कारणं: सॉफ्टवेअरवाल्यानं तपासणीसाठी डीबग (बारीकसारीक सगळं लिहिणं) चालू केलं आणि तसंच ठेवलं, मायएसक्यूएलचा जनरल लॉग (डेटाबेसला केलेली प्रत्येक विचारणा लिहिणारा) चालू राहिला, डेटाबेसला जोडता येत नाही म्हणून प्रोग्रॅम दर सेकंदाला प्रयत्न करतोय आणि प्रत्येक वेळी पानभर मजकूर ओततोय. पहिल्या दोन्हींत सेटिंग बदललं की प्रश्न मिटतो. तिसऱ्यात लॉग दोषी नाहीच, डेटाबेस बघा.

वाचायला पुढच्या कमांड पुरतात. 'जर्नलसीटीएल -पी ईआरआर -बी' म्हणजे या वेळी सर्वर सुरू झाल्यापासूनच्या चुका. 'जर्नलसीटीएल -यू' आणि सेवेचं नाव, पुढे '--सिन्स टुडे', म्हणजे त्या सेवेच्या आजच्या नोंदी. नोंदींना 0 ते 7 अशी पातळी असते, 0 सगळ्यात गंभीर आणि 7 म्हणजे डीबग. 'ईआरआर' ही 3 नंबरची पातळी, म्हणून 'पी ईआरआर' म्हटलं की 0 ते 3 सगळं दिसतं.

मे महिन्यात 'जर्नलसीटीएल -के' आवर्जून बघा. भुसावळ-जळगावकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या ऑफिसात बंद खोलीतला सर्वर तापला की प्रोसेसरचा वेग कमी केल्याची नोंद कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, करतो. तापमानाच्या उल्लेखाशेजारी 'थ्रॉटल्ड' हा शब्द दिसेल. सॉफ्टवेअर हळू झालं म्हणून सॉफ्टवेअरवाल्याला फोन करण्याआधी हे तपासा. तिथेच 'आय/ओ एरर' दिसली, तर लॉग नंतर, आधी डेटाचा बॅकअप घ्या. डिस्क जाण्याच्या बेतात असू शकते.

6. किती दिवस ठेवायचं ते ठरवा

लॉगरोटेट हा जुने लॉग ठरावीक काळानं बाजूला करणारा प्रोग्रॅम. त्याच्या मूळ सेटिंगमध्ये सहसा आठवड्याला एक फाइल आणि चार जुन्या प्रती असतात, म्हणजे साधारण महिनाभराच्या नोंदी. बऱ्याच ठिकाणी हे अपुरं आहे. हिशोबाचा किंवा घुसखोरीचा प्रश्न महिन्याभरानंतरच बाहेर येतो.

शिवाय नियम आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेनं 28 एप्रिल 2022 ला निर्देश काढले. त्यानुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्था यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग मागच्या 180 दिवसांचे सुरक्षित ठेवायचे आहेत. ठरावीक प्रकारचे सायबर हल्ले लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायचे आहेत. तुमची पेढी यात कशी बसते ते मालकांना सीए किंवा वकिलांकडून विचारून घ्यायला सांगा. माझा सल्ला, बसो न बसो, 180 दिवस धरून चला. मजकूर दाबला की बराच लहान होतो, त्यामुळे हे वाटतं तितकं जड जात नाही.

7. लॉगरोटेट बसवा

लॉगरोटेट बहुतेक सर्वरवर आधीच असतो. मुख्य सेटिंग '/ईटीसी/लॉगरोटेट.कॉन्फ'मध्ये, आणि प्रत्येक प्रोग्रॅमची वेगळी फाइल '/ईटीसी/लॉगरोटेट.डी'मध्ये. एनजिनएक्स वगैरेंची फाइल त्यांच्याबरोबरच येते. बिलिंग सॉफ्टवेअरची मात्र तुम्हालाच करावी लागते. ती अशी:

/व्हार/लॉग/बिलिंग/*.लॉग {
    डेली
    रोटेट 180
    कॉम्प्रेस
    डिलेकॉम्प्रेस
    मिसिंगओके
    नॉटइफएम्प्टी
    कॉपीट्रंकेट
}

'डेली' आणि 'रोटेट 180' म्हणजे रोज नवी फाइल आणि जुन्या 180 प्रती. इथे नीट लक्ष द्या: रोटेटचा आकडा प्रतींचा आहे, दिवसांचा नाही. 'डेली'ऐवजी 'साइझ 100एम' (एम मोठा) लिहिलंत, तर 180 प्रती किती दिवस पुरतील हे लॉग किती वेगानं वाढतो त्यावर ठरेल. आणि 'साइझ'नं फाइल 100 एमबी झाल्या क्षणी कापली जाते असंही नाही. लॉगरोटेट चालतो तेव्हाच तो बघतो, आणि तो साधारणपणे दिवसातून एकदाच चालतो.

'डिलेकॉम्प्रेस' म्हणजे कालची फाइल आज दाबायची नाही, उद्या दाबायची. कालचं वाचायची वेळ सगळ्यात जास्त येते, म्हणून हे सोयीचं.

'कॉपीट्रंकेट' ही तडजोड आहे. यात फाइलीची प्रत काढून मूळ फाइल रिकामी करतात. प्रत काढणं आणि रिकामी करणं यांच्यामधल्या क्षणात आलेल्या ओळी हरवू शकतात, आणि प्रतीपुरती जागाही लागते. प्रोग्रॅमला लॉग नव्यानं उघडायला सांगता येत असेल, तर 'कॉपीट्रंकेट' काढून 'क्रिएट' (नवी रिकामी फाइल करणं) आणि 'पोस्टरोटेट' (फाइल बदलल्यावर चालवायची कमांड) वापरा. एनजिनएक्सला तसं सांगता येतं. गावाकडच्या बऱ्याच तयार सॉफ्टवेअरना येत नाही, म्हणून वरच्या नमुन्यात तडजोड ठेवली आहे.

फाइल लिहिल्यावर 'सुडो लॉगरोटेट -डी' आणि फाइलीचा पूर्ण पत्ता. ही नुसती तालीम, काहीच बदलत नाही, काय करणार ते फक्त सांगते. ठीक वाटलं तर एकदा 'सुडो लॉगरोटेट -व्ही -एफ' करून खरंच चालतंय का बघा.

चालत नसेल तर बहुधा परवानगीचा घोळ. अडलं की फोल्डरला 777, म्हणजे सगळ्यांना सगळं करू देणारी परवानगी, देऊन टाकायची सवय आपल्याकडे फार आहे. लॉगचं फोल्डर सगळ्यांना लिहिण्यासाठी उघडं असेल, तर लॉगरोटेट त्याला असुरक्षित ठरवून सरळ सोडून देतो. परवानगी 750 करा. फोल्डर दुसऱ्या युजरच्या ग्रुपला लिहिण्यासाठी खुलं ठेवावंच लागत असेल, तर सेटिंगमध्ये 'एसयू' आणि पुढे युजर व ग्रुपचं नाव द्या. सेटिंगची फाइलही रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या, मालकीची आणि 644 असू द्या.

आपल्याकडची आणखी एक अडचण: संध्याकाळी कुलूप लावताना मेन स्विच बंद. मग मध्यरात्रीचं काम चालणार कधी? सिस्टमडीचा 'लॉगरोटेट.टाइमर' असेल तर काळजी नाही, हुकलेली वेळ तो सकाळी सर्वर सुरू झाल्यावर भरून काढतो. 'सिस्टमसीटीएल लिस्ट-टाइमर्स'मध्ये तो दिसतो का बघा. जुन्या सर्वरवर नुसता क्रॉन (ठरल्या वेळीच काम चालवणारा) असेल तर ॲनाक्रॉन (हुकलेलं काम नंतर चालवणारा) बसवून घ्या.

8. जर्नलला मर्यादा घाला

जर्नल आपणहून डिस्कच्या दहा टक्क्यांपर्यंत वाढतं, जास्तीत जास्त 4 जीबी. लहान डिस्कवर तेवढंही खुपतं. '/ईटीसी/सिस्टमडी/जर्नलडी.कॉन्फ'मध्ये 'सिस्टममॅक्सयूज=1जी' लिहा. यात तिन्ही शब्दांचं पहिलं अक्षर आणि शेवटचा जी मोठा, मध्ये मोकळी जागा नाही. मग 'सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट सिस्टमडी-जर्नलडी'. ही मर्यादा घातल्यावर 180 दिवस पुरत नसतील, तर हव्या त्या नोंदी आरसिसलॉगमार्फत फाइलीत घ्या आणि लॉगरोटेटवर सोपवा.

त्याच फाइलीत 'सिंकइंटरव्हलसेक' ही ओळ आहे, यातही तिन्ही शब्दांचं पहिलं अक्षर मोठं. मूळ किंमत पाच मिनिटं. म्हणजे साध्या नोंदी दर पाच मिनिटांनी डिस्कवर पक्क्या होतात, अति गंभीर असतील तर लगेच. दुपारी अचानक वीज गेली आणि यूपीएसनं दगा दिला, तर शेवटच्या काही मिनिटांचा मजकूर गायब. जिथे वीज वारंवार जाते तिथे मी हे एक मिनिटावर आणून ठेवतो.

वीज गेली की कुणी सर्वर बंद केला, असा वाद झाला तर 'जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स' आणि मग 'जर्नलसीटीएल -बी -1 -ई' बघा. रीतसर बंद केला असेल तर शेवटी सेवा एकेक करून थांबल्याच्या ओळी असतात. वीज गेली असेल तर मजकूर मध्येच तुटतो.

9. घड्याळ बरोबर करा

सर्वर पुष्कळदा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असतो, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. सकाळी साडेदहाची काटापावती लॉगमध्ये पहाटे पाचची दिसते आणि माणूस भलत्याच ओळी शोधत बसतो. 'सुडो टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता' करा, यात ए आणि के मोठे. नंतर नुसतं 'टाइमडेटसीटीएल' करून घड्याळ इंटरनेटशी जुळलेलं आहे का तेही बघा.

10. लॉग कुणाला दाखवायचे

लॉगमध्ये शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर, खाते नंबर, कधी पासवर्डसुद्धा सापडतात. फाइलींची परवानगी 640 ठेवा. नुसतं वाचायचंय अशा सहकाऱ्याला सुडो न देता उबुंटू-डेबियनवर 'एडीएम' ग्रुपमध्ये घ्या: 'सुडो युजरमॉड -एजी एडीएम' आणि त्याचं नाव. यात ए लहान, जी मोठा. तो ए गाळलात तर माणूस बाकीच्या सगळ्या ग्रुपमधून बाहेर पडतो. सॉफ्टवेअरवाल्याला व्हॉट्सॲपवर अख्खी फाइल पाठवू नका. लागतील तेवढ्या ओळी काढा, नंबर झाका, मग पाठवा.

11. दर आठवड्याला

सोमवारी सकाळी 'डीएफ -एच' बघून टक्केवारी वहीत लिहा. ऐंशीच्या वर गेली की त्याच दिवशी पायरी 3 पासून सुरू करा. दाबलेल्या जुन्या फाइली महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर न्या. सर्वरमध्ये कुणी घुसलं तर तो आधी तिथलेच लॉग पुसतो, म्हणून एक प्रत दुसरीकडे हवीच. नेलेल्या प्रतींपैकी एखादी 'झेडग्रेप'नं (दाबलेल्या फाइलीत मजकूर शोधणारी कमांड) उघडून त्यात एखाद्या तारखेची नोंद शोधून बघा. सापडली तर वहीत त्या तारखेसमोर खूण करा, नाही सापडली तर पायरी 7 पुन्हा तपासा.